दुबई तीन तासांवर. पण माल आणि पैसा?

ट्रॅव्हल एजंटाच्या दुकानात पाय ठेवला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "शेठ, दुबई म्हणजे काय, तीन तास! सकाळी निघा, दुपारी बाजारात." वाक्य खोटे नाही. पण अर्धवट खरे आहे, आणि व्यापारात अर्धवट खऱ्या गोष्टीनेच जास्त नुकसान होते. आपल्या समाजातला लहान व्यापारी आणि कारागीर हे वाक्य ऐकून तिकीट काढतो, दोन बॅगा नमुने भरतो आणि निघतो. परत येतो तेव्हा हातात चार व्हिजिटिंग कार्डे असतात आणि गल्ल्यात खड्डा पडलेला असतो. मग म्हणतो, "दुबईत आता काही राहिले नाही."

दुबईत पुष्कळ काही आहे. चूक दुबईची नाही, अंतर मोजण्याची आहे. विमान कंपनी अंतर मोजते ते विमानतळापासून विमानतळापर्यंत. व्यापाऱ्याने मोजायचे ते दुकानाच्या शटरपासून पुन्हा दुकानाच्या शटरपर्यंत, आणि तेवढ्यावरही थांबायचे नाही. तेथे गेलेला माल पोहोचेपर्यंत आणि त्याचा पैसा आपल्या खात्यात येईपर्यंत मोजायचे. असे मोजले तर दुबई माणसाला तीन तास, मालाला तीन आठवडे आणि पैशाला तीन महिने दूर आहे. या तिन्ही अंतरांचा हिशेब ज्याने केला त्यानेच तिकीट काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमानाचा हिशेब

आधी सरळ आकडे पाहू. मुंबई विमानतळापासून दुबई विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. तेच साध्या मैलांत सुमारे १,२०० आणि नाविक मैलांत सुमारे १,०४० होते. एक नाविक मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जहाजाचे आणि विमानाचे लोक नाविक मैलांत बोलतात, म्हणून कोणी हजार मैल म्हणाला आणि कोणी बाराशे म्हणाला तर दोघेही खरे असू शकतात. तुलनेसाठी सांगायचे तर मुंबई-कोलकाता हवाई अंतर साडेसोळाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे दुबई कोलकात्याहून थोडीच लांब.

प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने १,९३० किलोमीटर सव्वादोन-अडीच तासांतच संपायला हवेत. मग तिकिटावर तीन-सव्वातीन तास का? कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, खाली उतरणे हे सारे त्यात येते. शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेने नव्हे, तर ठरवून दिलेल्या हवाई मार्गाने जाते. आणि उंचावरचा वारा, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून जाताना तो आडवा येतो आणि येताना पाठीशी असतो. जायला सव्वातीन तास लागले तर यायला बहुधा पावणेतीन-तीन तास लागतात.

आता घड्याळाची गंमत. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची वेळ दुबईची छापलेली असते. सकाळी ९ ला निघालेले विमान पावणेअकराला पोहोचते असे दिसते. नवखा माणूस म्हणतो, पावणेदोन तासांतच पोहोचलो! येताना उलटे होते. रात्री १० ला निघालेले विमान पहाटे २ वाजून २० मिनिटांनी उतरते असे दिसते आणि प्रवास सव्वाचार तासांहून मोठा वाटतो. दोन्ही वेळा डोळे फसतात. भेटीची वेळ ठरवताना आणि मुंबईहून पुढची बस किंवा गाडी धरताना ही चूक करणारे लोक मी पाहिले आहेत.

रमजानमध्ये प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. मुंबई आणि दुबई यांच्यात साडेसतरा रेखांशांचा फरक आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य तेथे सुमारे ७० मिनिटे उशिरा मावळतो. रोजा ठेवून पश्चिमेकडे निघालेल्याचा दिवस तेवढा लांबतो. विमानातला इफ्तार, कसर नमाज, सफरमध्ये रोज्याची सवलत याविषयी प्रत्येकाने आपल्या मसलकच्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आकाशात वाद घालण्यात अर्थ नाही.

आकाशही नेहमी मोकळे असतेच असे नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीकडून आखाताकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घालावा लागला. मुंबईचा मार्ग अरबी समुद्रावरून जात असल्याने मुंबईकरांना त्याची झळ कमी बसली. पण त्याच वर्षी २३ जूनला कतारसह आखातातील काही देशांनी काही तास आकाश बंद ठेवले, तेव्हा मुंबईचे प्रवासीही अडकले. आखातात तणाव असेल त्या आठवड्यात एकाच दिवसावर सारे काम टाकून निघू नये.

शटर ते शटर

आता मालेगावच्या एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. मालेगाव ते मुंबई रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर. हा गृहस्थ सोमवारी रात्री १० ला दुकान बंद करून निघतो. रस्त्यात चहापाणी धरून पहाटे पाचच्या सुमारास विमानतळावर पोहोचतो. परदेशच्या विमानाला तीन तास आधी पोहोचावे लागते, शिवाय नमुन्यांच्या बॅगा वजनाला लागतात. ९ वाजता विमान सुटते, तेथल्या पावणेअकराला उतरते. इमिग्रेशन, सामान, टॅक्सी, हॉटेल होईपर्यंत दुपारचा एक वाजतो. आपल्या घड्याळाने अडीच. दुकानाचे शटर ओढल्यापासून साडेसोळा तास झाले. त्यांतले विमानाचे सव्वातीन. म्हणजे पाचवा हिस्सा!

परतीला तो गुरुवारी संध्याकाळी ६ ला हॉटेल सोडतो आणि शुक्रवारी सकाळी १० ला घरी पोहोचतो. हे साडेचौदा तास झाले. जाणे-येणे मिळून ३१ तास, त्यांत आकाशातले जेमतेम सहा. शुक्रवारी मालेगावचे माग बंद असतात, म्हणून ती सुट्टी झोपेत जाते. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस धंदा दुसऱ्याच्या हातात राहिला.

आणि दुबईत त्याला मिळाले काय? देरा भागातले जुने बाजार, मुर्शिद बाजार असो की नायफ, सकाळी दहाच्या सुमारास उघडतात, दुपारी एक ते चार बहुधा शांत असतात आणि पुन्हा रात्रीपर्यंत चालतात. मंगळवारची संध्याकाळ, बुधवारचा दिवस आणि गुरुवारची सकाळ मिळून पंधरा-सोळा तास बाजार उघडा सापडला. त्यांत मालक स्वतः गादीवर असेल, रिकामा असेल आणि बोलायला तयार असेल असे किती? सात-आठ भेटी झाल्या तरी खूप.

कोकणातल्या आणि मिरज-कोल्हापूरकडच्या बंधूंना मुंबई गाठायलाच यापेक्षा जास्त वेळ लागतो. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. यापुढे मुंबईच्या नावाने दोन विमानतळ असतील, तेव्हा तिकिटावर कोणता आहे तो आधी वाचावा. एका वाचण्याने दोन तास वाचतात.

हा सगळा खर्च मालावर कसा बसतो तेही पाहा. समजा तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, टॅक्सी मिळून ६० हजार रुपये लागले. तीन दिवस दुकानावर नसल्याने रोज ५ हजारांचे नुकसान धरा. एकूण ७५ हजार. एका लुंगीमागे १५ रुपये सुटत असतील तर ५,००० लुंग्या विकल्यावर फक्त जाण्या-येण्याचा खर्च निघतो. नफा त्यानंतर. हा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर मांडणारे आपल्यात किती आहेत?

खिशात परतीचे तिकीट

यापुढची गोष्ट स्वतःवर बेतलेली आहे, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही असाच टॉवेल आणि चादरींचे नमुने घेऊन गेलो होतो. कोणाशी आधी वेळ ठरवली नव्हती. पहिले दोन दिवस दुकाने हिंडण्यात गेले. तिसऱ्या दिवशी एका दुकानदाराला माल पसंत पडला. त्याने चहा मागवला आणि सहज विचारले, "परत कधी जाणार?" मी सरळ सांगून टाकले, "आज रात्रीच्या विमानाने." तेथेच सौदा माझ्या हातून गेला. त्याने घाई केली नाही. भाव पाडत नेला. शेवटी साठ दिवसांची उधारी मागितली. रिकाम्या हाताने घरी जायची लाज वाटत होती, म्हणून मी तोंडी होकार दिला. लिहून काही घेतले नाही. माल गेला. साठ दिवसांचे वर्ष झाले, आणि आली ती अर्धीच रक्कम.

त्या दुकानदाराला मी फारसा दोष देत नाही. चूक माझी होती. ज्याच्या खिशात परतीचे तिकीट असते त्याच्या पायाखाली वाळू सरकत असते, आणि समोरच्याला ती दिसत असते. प्रवास जितका छोटा, तितका विकणारा कमजोर. तीन तासांच्या विमानाने आपल्याला वेग दिला, पण सौदा करण्याची सवड काढून घेतली.

जुन्या काळी असे नव्हते. मुंबईहून आखाताकडे ब्रिटिश इंडिया कंपनीची जहाजे जात. आपल्या कोकणी बांधवांच्या घरांत 'दारा' आणि 'द्वारका' ही नावे आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. 'दारा' एप्रिल १९६१ मध्ये दुबईजवळ बुडाली आणि दोनशेहून अधिक जीव गेले. 'द्वारका'ची फेरी १९८२ मध्ये थांबली आणि ही सेवा संपली. वाटेत बंदरे घेत घेत जायला कित्येक दिवस लागत. दुबईत १९६६ पर्यंत रुपया चालत असे, तरीही जाणे सोपे नव्हते. म्हणून जाणारा वर्षभर तयारी करी. पत्र जाई, उत्तर येई, माल ठरे, मगच माणूस निघे. अंतर लांब होते, पण तयारीने ते भरून निघे. पुढे दुबईचा विमानतळ १९६० मध्ये झाला, तेथल्या एमिरेट्स कंपनीने १९८५ मध्ये पहिल्या उड्डाणांतच कराचीबरोबर मुंबई घेतली, आणि आज दिवसभर विमाने आहेत. अंतर घटले, तयारीही घटली. हा काही प्रगतीचा दोष नाही, आपला आहे.

पवित्र कुरआनात सूरह कुरैशमध्ये मक्केच्या व्यापाऱ्यांच्या हिवाळी आणि उन्हाळी सफरींचा उल्लेख आहे. वर्षाला दोन, ऋतू पाहून ठरलेल्या. उंटांच्या काळातला व्यापारी मनात आले म्हणून निघत नव्हता. आणि एकेकटाही निघत नव्हता, हे त्याहून महत्त्वाचे. त्याकडे पुढे येतो.

मालाचे अंतर

माणूस विमानाने जातो, माल बहुतेक जहाजाने जातो. न्हावाशेवा ते जेबेल अली हा समुद्रप्रवास तसा छोटा आहे. जहाज चार-पाच दिवसांत पोहोचते. पण लहान व्यापाऱ्याचा माल पूर्ण कंटेनरचा नसतो. तो इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये भरला जाईपर्यंत थांबतो. इकडे कस्टम, तिकडे कस्टम, मध्ये जहाजाची वाट. आपल्या गोदामातून निघालेली गाठ देऱ्यातल्या दुकानात पडेपर्यंत दोन-तीन आठवडे धरावेत. ज्याने खरेदीदाराला "आठ दिवसांत माल" असे सांगितले त्याने पहिल्याच सौद्यात शब्द मोडला असे समजावे.

प्रत्येक मालाचे अंतर वेगळे असते, हेही आपले कारागीर विसरतात. रत्नागिरीच्या हापूसला दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. झाडावरून उतरल्यापासून पेटी तेथल्या दुकानात जाईपर्यंतची प्रत्येक दुपार फळ खाते. औरंगाबादच्या हिमरू शालीचे वजन कमी आणि किंमत जास्त, म्हणून तिला विमानाचे भाडे परवडते. लुंगी, टॉवेल, चादर यांना ते परवडत नाही.

मिरजेच्या सतारीचे प्रकरण तर फारच शिकण्यासारखे आहे. सतार वजनाला हलकी, पण पेटी मोठी. विमानाच्या मालवाहतुकीत वजन आणि आकार यांतले जे जास्त भरेल त्याचे भाडे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० ने भागायची, की आकाराचे वजन निघते. समजा पेटी १३० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटर आहे. गुणाकार २ लाख ३४ हजार. भागिले ६,००० म्हणजे ३९ किलो. काट्यावर पेटी बारा-पंधरा किलो भरली तरी भाडे ३९ किलोंचे! कुरियरवाले तर बहुधा ५,००० ने भागतात, म्हणजे आणखी जास्त. हा हिशेब न करता दुबईत बसून "पोहोच भाव" सांगणारा कारागीर आपली मजुरी भाड्यात घालवून बसतो.

कागदांचेही अंतर असते. भारत आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यातला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. तेथे आयातीवर साधारण ५ टक्के जकात आहे. या करारामुळे कापड, चामडे अशा आपल्या पुष्कळ मालाला ती माफ होते. पण केव्हा? माल भारतातच बनला आहे असा मूळ देशाचा दाखला बरोबर असेल तेव्हा. तो दाखला काढायला आयात-निर्यात कोड लागतो. दाखला नसेल तर खरेदीदाराला ५ टक्के भरावे लागतात आणि तो ते आपल्या भावातून कापतो. विमानाच्या तिकिटात दोन हजार वाचवायला आपण चार एजंट फिरतो, आणि येथे प्रत्येक गाठीमागे ५ टक्के सोडून देतो!

पैशाचे अंतर

सर्वांत लांबचा प्रवास पैशाचा. साठ-नव्वद दिवसांची उधारी तेथे सर्रास मागितली जाते. नव्वद दिवस पैसा बाहेर राहिला की इकडे सूतवाल्याचे, सायझिंगवाल्याचे आणि मजुरांचे देणे थांबते. मग माणूस व्याजाच्या दारात जातो आणि धंद्यातली बरकत उडते. सूरह बकराहमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी जी आयत आहे ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. एवढ्या विस्ताराने जे सांगितले आहे ते आपण चहाच्या कपावर सोडून देतो, याला काय म्हणावे?

पहिल्या सौद्यात उधारी द्यायचीच नाही, असा माझा आग्रह आहे. काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेल्या रकमेसाठी कागद बँकेमार्फत पाठवावेत. खरेदीदाराने पैसे भरले तरच बँक त्याला कागद देते आणि कागदांवरच माल सुटतो. माल थोडा जाईल, पण झोप लागेल. पुढच्या तारखेच्या चेकवरही फार विसंबू नये. चेक परत आला की तुरुंग, या भीतीवर तेथे अनेक वर्षे उधारी चालली. जानेवारी २०२२ पासून तेथला कायदा बदलला आहे. खात्यात पैसे नाहीत एवढ्याने आता सहसा फौजदारी होत नाही, वसुलीसाठी न्यायालयातून अंमलबजावणी करून घ्यावी लागते. मालेगाव किंवा भिवंडीत बसून ती कोण करणार?

मग जायचेच नाही का?

कोणी म्हणेल, मोबाइलवर चित्र दाखवता येते, समोरासमोर बोलता येते, मग एवढा खटाटोप कशाला? मला हे पूर्ण पटत नाही. कापड हाताने चोळून पाहावे लागते, चामडे वाकवून पाहावे लागते, आणि माणूस डोळ्यांत पाहून ओळखावा लागतो. जायला हवे. पण सौदा सुरू करायला नव्हे, पक्का करायला जावे. आधी नमुने पाठवावेत. भाव, मुदत, पॅकिंग फोनवर ठरवावे. तीन-चार खरेदीदार खरोखर तयार आहेत असे दिसले, त्यांनी भेटीची वेळ दिली, की तिकीट काढावे. आणि "परत कधी जाणार" असे विचारले तर "काम झाले की" एवढेच सांगावे. ते खोटे ठरू नये म्हणून हातात एक दिवस जास्त ठेवावा.

वारही पाहावा. १ जानेवारी २०२२ पासून तेथे सरकारी कामाची सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस. पूर्वीची शुक्रवार-शनिवारची सवय धरून गेलेला माणूस रविवारी कार्यालयाच्या बंद दारावर उभा राहतो.

हंगामही पाहावा. रमजान-ईदचा माल शाबान लागता देऱ्यात हवा. जहाजाचे तीन आठवडे मागे मोजा, म्हणजे रजबच्या पहिल्या आठवड्यात माल निघाला पाहिजे. विणाई, रंगाई, पॅकिंगचे सहा आठवडे आणखी मागे मोजा, म्हणजे जमादिलअव्वलच्या अखेरीस ऑर्डर हातात हवी. तेव्हा भेटीचा महिना रबीउल-आखर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्याबरोबर हे सारे सरकते. इंग्रजी कॅलेंडर पाहून गेल्या वर्षीच्याच तारखेला जाणारा काही वर्षांत हंगाम संपल्यावर पोहोचू लागतो.

एकाने जावे, दहांचा माल न्यावा

आता मघाशी राहिलेली गोष्ट. मक्केचा काफिला निघे तेव्हा त्यात अनेकांचे भांडवल असे, जाणारे मात्र मोजके. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन सीरियाला गेले होते आणि त्यांची सचोटी त्याच सफरीत दिसून आली. भांडवल एकाचे, मेहनत आणि प्रवास दुसऱ्याचा, नफा ठरल्या वाट्याने. मुदारबतचा हा मार्ग आपल्या घरचा आहे. तो सोडून प्रत्येक लहान कारागीर स्वतंत्र तिकीट काढतो आणि एकाच बाजारात आपलाच भाऊ आपल्याच भावाचा भाव पाडतो.

दहा कारागिरांनी मिळून एक माणूस निवडावा. त्याला भाषा येत असावी, कागद वाचता येत असावेत, आणि त्याची देवघेव साफ असावी. वर सांगितलेले ७५ हजार दहांत वाटले तर प्रत्येकाला साडेसात हजार. वसूल करायला ५,००० लुंग्या नव्हे, ५०० पुरेत. शिवाय दहांचा माल एकत्र गेला तर कंटेनर लवकर भरतो. जाणाऱ्याचा मोबदला, कोणाचा नमुना कोणत्या भावाने दाखवायचा, ऑर्डर कशी वाटायची, नुकसान झाले तर कोणाचे किती, हे सारे निघण्यापूर्वी लिहून सह्या कराव्यात. लिहिलेले नसेल तर सोबतीचे भांडण व्हायला वेळ लागत नाही.

दुबईत आपले नातेवाईक आहेत, विशेषतः कोकणातल्या घरोघरचे. त्यांची मदत जरूर घ्यावी. खरेदीदाराची पेढी खरी आहे का, बाजारात त्याचे नाव कसे आहे, एवढी चौकशी त्यांनी केली तरी निम्मे काम झाले. पण नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलाच्या गळ्यात आपल्या मालाची विक्री आणि वसुली बांधू नये. त्याची नोकरी धोक्यात येते. आणि जे काम तो करील त्याचा मोबदला आधी ठरवून द्यावा. "घरचाच आहे" म्हणून फुकट राबवणे योग्य नाही.

आपल्या व्यापारी संघटना आणि जमाती वर्षाला अनेक जलसे करतात. त्यांतल्या एका जलशाच्या खर्चात नमुन्यांची एक खोली, आयात-निर्यातीचे कागद करून देणारा एक जाणकार आणि वर्षाला दोन ठरलेल्या फेऱ्या होऊ शकतात. मागणी करायची तर ही करावी.

काळाची किंमत आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. कुरआनात काळाची शपथ घेतलेली आहे. पुढच्या वेळी कोणी म्हणाला की दुबई तीन तासांवर आहे, तर त्याला जरूर हो म्हणा. मग घरी येऊन वहीत तीन ओळी लिहा. माझा माल किती दिवसांवर आहे? माझा पैसा किती महिन्यांवर आहे? आणि मी नसताना माझे दुकान किती दिवस चालेल? तिन्ही उत्तरे हातात आली की बिस्मिल्लाह म्हणून निघा. इन्शाअल्लाह परतीच्या विमानात झोप शांत लागेल.